पहिल्या नावाचा सौदा

"तुमी जळता त्या माणसावर," माझी बायको भाकरी थापता थापता म्हणाली. मी ताट सरकवून उठलो. अर्धी भाकरी तशीच राहिली. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ती खरं बोलली होती. पण ते मी तिला आजतागायत सांगितलेलं नाही.

तो माणूस म्हणजे माझ्या मुलीचे सर. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत ती पीएच.डी. करते आणि हे तिचे मार्गदर्शक. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं होतं. वाईट माणसाशी कसं वागायचं हे मला धंद्यानं शिकवलंय. चांगल्या माणसाचं काय करायचं ते मात्र कुणी शिकवलं नाही.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर माझं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. गाडीला माल आणि मालाला गाडी मिळवून देणं हे माझं काम. मूळचा मी चौसाळ्याचा. सुरुवातीला ऑफिस वगैरे काही नव्हतं. रस्त्याच्या कडेला उभा राहून रिकाम्या जाणाऱ्या ट्रकला हात करायचो आणि ड्रायव्हरला विचारायचो, रिकामा कावून चाललास? मग एक टेबल आलं, मग डोक्यावर पत्रा आला, मग चार भिंती. यातली एकही वीट मला कुणी दिलेली नाही. भाव कसा करायचा, आवाज कुठं चढवायचा, कुठं गप्प राहायचं, हे मी तिथंच उन्हात शिकलो.

मुलगी त्याच ऑफिसात वाढली. शाळा सुटली की बाकड्यावर बसून अभ्यास करायची. मध्येच मान वर करून म्हणायची, "आप्पा, हे खोटं बोलायलेत, यांची गाडी कालच आलीय." आणि तसंच निघायचं. मला वाटायचं, हे टेबल हिचं. ती बीडला बी.एस्सी. झाली, संभाजीनगरला एम.एस्सी. झाली, तरी मला तसंच वाटत होतं. मग ती पुण्याला गेली आणि फोनवर एक नवीन शब्द आला. सर.

सर म्हणतात घाईनं केलेला प्रयोग दोनदा करावा लागतो. सर म्हणतात वहीत खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एक रेघ मारायची. सर बिनदुधाचा चहा पितात. पुढच्या सुट्टीला आली तेव्हा हीसुद्धा बिनदुधाचा चहा प्यायला लागली होती. तिच्या आईनं दूध ओतलं, तर हिनं कप हळूच बाजूला ठेवला. भांडली नाही. पूर्वीची असती तर भांडली असती. माझ्यासारखी तापट होती ती. हे हळू बोलणं तिनं कुठून उचललं ते मला कळत होतं.

तिचं काम काय आहे हे मी बरेच दिवस विचारलंच नाही. विचारलं की 'सर' यायचे. मग एकदा ती सहज बोलता बोलता म्हणाली की ती एचआयव्हीपासून बनवलेला विषाणू वापरते.

हे नाव आमच्या हायवेवर कुणी मोठ्यानं घेत नसे. ढाब्याच्या भिंतींवर एड्सच्या जाहिरातीची लाल फीत रंगवलेली असायची आणि तिच्याच खाली बसून लोक जेवायचे. माझ्या बाकड्यावर रोज बसणारा एक ड्रायव्हर वर्षभरात इतका वाळला, की पट्ट्याला त्यानं खिळ्यानं नवीन भोकं पाडली होती. घरच्यांनी कावीळ सांगितली. आम्ही सगळ्यांनी मानली. त्याच्या मातीला गेलतो तेव्हा त्याला उचलायला माणसं कमी पडली.

"त्या माणसानं तुझ्या हातात हे दिलं?" मी फोनवर ओरडलो. समोर बसलेला व्यापारी दचकला. "सोताच्या पोरीच्या हातात दिलं असतं का त्यानं?"

"आप्पा, त्याच्यात आता रोग न्हाई."

"मग काय हाय?"

"गाडी हाय. नुसती गाडी."

दिवाळीला आली तेव्हा तिनं मला ते ऑफिसात बसून समजावलं. माझं बिल्टीचं पुस्तक घेतलं. बिल्टी म्हणजे गाडीबरोबर जाणारा मालाचा कागद. त्यातले चार कोरे कागद फाडून तिनं टेबलावर वेगवेगळे मांडले. दुसऱ्या कुणी फाडले असते तर हात धरला असता.

"हा पहिला," ती म्हणाली. "यात आपला माल. माणसाच्या अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. त्या पेशीच्या अंगावर एक रिसेप्टर असतो, परका कोण आणि आपला कोण ते ओळखणारा. त्याची जनुकं हा माल. दुसऱ्या आणि तिसऱ्या कागदावर गाडी बांधायचं सामान, एचआयव्हीकडून घेतलेलं. चौथ्यावर गाडीचं वरचं आवरण. ते तर एचआयव्हीचं न्हाईच. जनावरांच्या तोंडाला फोड येतात ना, तसल्या एका येगळ्याच विषाणूचं. हे चारी कागद आम्ही येगयेगळे एका पेशीत घालतो. ती पेशी आमचा कारखाना. पण 'भरा' असा शिक्का फक्त पहिल्या कागदावर हाय. बाकीचे तिघं गाडी बांधतात, आत चढत न्हाईत."

"म्हणजे गाडीत फक्त आपला माल."

"फक्त आपला. ती पेशीत जाती, माल उतरवती, संपलं. नवीन गाडी बांधायचं सामान तिच्याजवळ नसतंच. आणि ज्या पेशीत माल उतरला ती पेशी तो रिसेप्टर अंगावर वागवायला लागती. मग तो कशाला चिकटतो, कशानं जागा होतो, ते आम्ही बघतो."

मला कळलं. इतकं चांगलं कळलं की मी स्वतःच चकित झालो. तरी धंद्याचा प्रश्न सुटला नाही. "परतीचं भाडं?"

"परत येतच न्हाई ती."

"असला धंदा कोण करतं?"

"सर करतात," ती म्हणाली आणि हसली. माझं कळण्याचं सुख तिथंच संपलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिचं काम अडलं. फोनवर आवाज पडलेला. विषाणू तयार व्हायचा, पण फार थोडा. मोजक्याच पेशींत शिरायचा. तीनदा करून झालं होतं.

"माल किती भरलाय?" मी विचारलं.

"दोन जनुकं, रिसेप्टरच्या दोन भागांची. आणि एक चमकणाऱ्या रंगाचं, कुठं पोचला ते दिसावं म्हणून."

"लांबीला बसतंय का?"

"सर म्हणतात मर्यादेच्या जवळ हाय, पण जमायला पाहिजे."

"सरांनी कधी गाडी भरलीय का? कागदावर बसतो तेवढा माल मांजरसुंब्याचा घाट चढत न्हाई. ओव्हरलोड हाय. दोन गाड्या कर."

"मग दोन्ही गाड्या एकाच पेशीत उतरायला पाहिजेत, आप्पा."

"दोन्हीला येगळा रंग दे. ज्या गोदामात दोन्ही रंग दिसतील तेवढीच धर. बाकीची सोड."

ती मोठ्यानं हसली, पूर्वीसारखी. पाटोद्याकडून आलेली एक गाडी दारात हॉर्न वाजवत होती. मी तिला वाजू दिली.

दीड-दोन महिन्यांनी मोबाइलवर एक फोटो आला. काळ्या आकाशात हिरवे आणि लाल ठिपके, आणि काही ठिपके दोन्हींचे मिळून पिवळे. फोटोच्या वर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की तो पुढं पाठवलेला आहे. म्हणजे आधी दुसऱ्या कुणाला गेला होता. कुणाला ते सांगायला नको. मी लगेच फोन केला.

"झालं, आप्पा! सरांनी दोन वेगळे व्हेक्टर, म्हणजे दोन गाड्या, करायला सांगितले आणि झालं!"

"मी काय सांगितलं होतं?"

"हो, तुमी पण म्हणला होता."

मी फोन ठेवला आणि समोरच्या ड्रायव्हरवर विनाकारण उखडलो. तो म्हणाला, "कावून खवळायले मालक, मी तर अजून बोललो बी न्हाई." खरंच तो बोलला नव्हता.

ही अढी माझ्या मनात बसली ती बसलीच. आपण उन्हात उभं राहून शिकलेली गोष्ट फुकट द्यायची आणि ती पंख्याखाली बसलेल्या माणसाच्या नावावर चढायची. पण त्याहून जास्त काय टोचत होतं ते सांगतो. अडलं तेव्हा तिनं मला फोन केला होता, सुटलं तेव्हा त्याला सांगितलं.

मग पेपर लिहायची वेळ आली. एका दुपारी ती फोनवर रडली. तिच्या प्रयोगशाळेत कोकणातली एक मोठी मुलगी होती, पीएच.डी. झालेली. गाड्या माझ्या मुलीनं बांधल्या, पण रक्तदात्यांच्या रक्तातून लढणाऱ्या पेशी वेगळ्या काढणं, दोन्ही रंगांच्या पेशी निवडणं, त्यांची परीक्षा घेणं हे त्या दुसरीनं केलं. आता पहिलं नाव कुणाचं, ते सर ठरवत होते.

"पहिल्या नावाला एवढं काय हाय?"

"पुढचं सगळं त्याच्यावर हाय, आप्पा. पुढं कुठं जागा मिळते, कोण घेतं. लोक पहिलंच नाव वाचतात."

"मग तुझंच पाहिजे. बिल्टीवर माल देणाऱ्याचं नाव आधी येतं."

"तुमी यात पडू नका हां." रडणं थांबवून तिनं हे सांगितलं. "आप्पा, ऐकलं का? पडू नका."

"मी कशाला पडतो," मी म्हणालो.

मंगळवारी पहाटे निघालो. पाटोद्याला सीताफळांची एक पाटी घेतली, घेताना विकणाऱ्या बाईशी नीट घासाघीस करून सराव केला, आणि जामखेड, नगर करत दुपारपर्यंत पुण्याला पोचलो. मुलीला कळवलं नव्हतं.

सरांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. मी मनात उंच, गोरा, चष्म्यातून खाली बघणारा माणूस धरला होता. हा माझ्या खांद्याला लागेल एवढा, पायात साध्या चपला. भिंतीवरच्या फळ्यावर माझ्या मुलीचं अक्षर होतं. कपाटावर एक फोटो होता. कुठल्यातरी किल्ल्यावर सगळे बसलेत आणि ती मधोमध तोंड उघडून हसतेय. ती किल्ल्यावर गेली होती हे मला माहीत नव्हतं.

"या, या," ते उठून म्हणाले. "तुमच्याबद्दल ती नेहमी सांगते. ती ओव्हरलोडची गोष्ट! मी नव्या मुलांना शिकवताना तीच सांगतो आता."

"माझं नाव सांगता का?"

ते गोंधळले. "म्हणजे... एका विद्यार्थिनीचे वडील, असं म्हणतो."

मी पाटी टेबलावर ठेवली आणि सरळ मुद्द्यावर आलो. "पोरीचं नाव पहिलं पाहिजे. एकटीचं. त्या दुसऱ्या बाईचं शेवटी टाका, माझी हरकत न्हाई."

सर किंचित हसले. "शेवटची जागा माझी असते. ज्याची प्रयोगशाळा त्याची."

ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मी मोठ्या मनानं देत होतो ती त्यांचीच खुर्ची होती. पण भाव सुरू झाल्यावर मागं बघायचं नसतं. "मग तुमी मधी घ्या," मी म्हणालो.

ते रागावले नाहीत. माझी मुलगी कप बाजूला ठेवते तितक्या हळू त्यांनी समोरच्या वह्या माझ्याकडं सरकवल्या. दोन गठ्ठे होते. "मी दोघींच्या वह्या पहिल्या पानापासून वाचतोय. कुणी काय विचार केला, कुणी काय केलं, सगळं यात आहे. शुक्रवारी ठरवीन."

"शुक्रवारी कावून? आज ठरवा."

"आज वाचून झालेलं नाही."

"अहो, वाचायचं काय त्यात? गाडी कुणी बांधली? दोन रंगांची युक्ती कुणाची?"

"तेच वाचतोय."

माझा आवाज चढला. त्यांचा चढेना. समोरच्यानं आवाज चढवला तर मला पुढं काय करायचं ते माहीत असतं. इथं मी एकटाच ओरडत होतो, आणि बाहेरच्या बोळात दोन मुली थबकल्या होत्या. तेव्हा मी माझं शेवटचं हत्यार काढलं. "ऱ्हाऊ द्या मग. पोरीला मी घेऊन जातो. माझं ऑफिस हाय, धंदा हाय. तिला घरी काही कमी पडलंय म्हणून इथं आली न्हाई ती." आणि उठून चालायला लागलो.

हे कसं करतात ते धंद्यातल्या माणसाला माहीत असतं. उठायचं झटक्यात, पण चालायचं हळू. दारापर्यंत जाऊ द्यायचं, मग समोरचा म्हणतो, अहो थांबा, बसा, पाणी तर घ्या. आयुष्यात मला प्रत्येक वेळी कुणी ना कुणी परत बोलावलंय. न बोलावणारा दुसऱ्या दिवशी फोन करतो.

मी दाराबाहेर आलो. जिन्याच्या तोंडाशी एक सूचना लावलेली होती: हातमोजे घालून दाराच्या मुठीला हात लावू नये. ती मी दोनदा वाचली. दुसऱ्या मजल्यावर बुटाची नाडी बांधली, जी सुटलेली नव्हती. खाली वॉचमनच्या वहीत बाहेर जायची वेळ सावकाश लिहिली. कुणी हाक मारली नाही.

मग जिन्यावर धावती पावलं वाजली. मी छाती ताणून उभा राहिलो. मुलगी होती. हातमोज्यांचे वळ मनगटावर तसेच, हाताला स्पिरिटचा वास. धापा टाकत होती.

"आप्पा, काय केलंत तुमी?"

"भाव केला."

"सरांनी मला बोलावलं. म्हणाले, तुझे वडील तुला घेऊन जातायत, तुझी तयारी असेल तर मी अडवणार नाही. त्यांचा चेहरा उतरला होता. ते माणसाचं बोलणं खरं धरतात, आप्पा!"

"अगं, तसं म्हणायचं असतं. परत बोलावतात."

"इथं न्हाई बोलावत." तिनं श्वास घेतला. "मी त्यांना सांगितलं, मी जाणार न्हाई. आता तुमाला पण सांगते. मी जाणार न्हाई."

वॉचमन वहीत डोकं घालून बसला होता. पण तो ऐकत होता.

"तुझ्यासाठी तर आलो मी," मी म्हणालो.

"माझ्यासाठी न्हाई. त्यांच्यावर राग हाय म्हणून आलात." ती हळू बोलत नव्हती आता. माझाच आवाज होता तो, माझाच ताप. क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं. "माझी तिथली जागा तुमी टेबलावर ठेवलीत. मला न विचारता. आता वर चला आणि सांगा त्यांना."

"उठून आलेल्या ठिकाणी मी परत जात न्हाई."

"मग मी एकटी जाते," ती म्हणाली. पण गेली नाही, पहिल्या पायरीवर उभी राहिली.

ते तीन मजले मी आयुष्यात विसरणार नाही. मांजरसुंब्याच्या फाट्यावर कुणी पाहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता. ती दोन पायऱ्या पुढं चालत होती आणि मागं वळून बघत नव्हती. प्रयोगशाळेच्या काचेच्या दारापाशी आली आणि आत निघून गेली. काचेतून दिसलं, तिनं नवीन हातमोजे ओढले, खुर्ची पुढं सरकवली आणि दोन्ही हात काचेच्या कपाटाच्या झडपेखाली घालून कामाला लागली. मी बाहेर आहे हे तिला माहीत होतं.

सर खोलीतच होते. सीताफळाची पाटी तशीच होती.

"पोरगी इथंच ऱ्हाणार," मी उभ्यानंच म्हणालो. "मी रागात बोललो."

"बसा ना," ते म्हणाले. त्यांना खरंच हायसं वाटलेलं दिसलं. "मला वाटलं घरी काही अडचण आहे, म्हणून तुम्ही तिला नेताय. मी हाच विचार करत होतो, की तिची जागा सहा महिने तरी कशी राखून ठेवता येईल. काम तोवर बंद ठेवलं असतं."

असा हा माणूस. मी जिन्यावर नाडी बांधत होतो तेव्हा हा माझ्या मुलीची जागा राखायचा विचार करत होता. मी त्याला दोन शब्द बरे बोलायला हवे होते. माझ्या तोंडून निघालं, "सीताफळं उद्यापर्यंत पिकतील." आणि मी निघालो.

शनिवारी तिचा फोन आला. नावं ठरली होती. पहिल्या दोन नावांवर चांदणीची खूण, आणि खाली तळटीप, की या दोघींचा वाटा सारखा. छापताना त्या कोकणातल्या मुलीचं नाव आधी, माझ्या मुलीचं दुसरं.

"चांदणी हाय ना, आप्पा. दोघी पहिल्याच."

"मग तुझं आधी कावून न्हाई?"

"पेशींची शेवटची परीक्षा तिनं घेतलीय. वह्यांत दिसतंय ते. मला पटलं."

मग विचारलं, "मी आलो, त्याच्यामुळं तर न्हाई ना?"

"न्हाई हो. वह्यांवरून ठरलं," ती म्हणाली. पण उत्तर जरा लवकर आलं. भाव करताना इतक्या लवकर आलेल्या उत्तरावर मी कधी विश्वास ठेवलेला नाही.

फाट्यावर मी सगळ्यांना सांगतो की मुलीचं पहिलं नाव आलं. एखादा शहाणा मोबाइलवर बघून विचारतो, हे तर दुसरं हाय. मी त्याला चांदणी दाखवतो आणि तळटीप वाचून दाखवतो. बायको म्हणते, एवढं झालं तर आता त्या माणसाला एक फोन करा. मी नंबर काढतो आणि ठेवून देतो.

ठरणार होतं शुक्रवारी. मी गेलो मंगळवारी. मधल्या तीन दिवसांत वह्या वाचताना माझा आवाज त्यांच्या कानात होता की नव्हता, हे फक्त त्यांनाच माहीत. विचारलं तर ते सांगतील. जे असेल ते, हळू आवाजात, खरं सांगतील. म्हणून मी विचारत नाही.